दादांच्या विनोदाला बायका का हसल्या, आणि का थांबल्या?

दादा कोंडके हे नाव चारचौघींत निघालं की दोनच गोष्टी होतात. कुणीतरी 'शी, काहीतरीच काय!' म्हणून मान फिरवतं, नाहीतर कुणीतरी पदर तोंडाला लावून फिसकन हसतं. आणि गंमत अशी की पुष्कळदा 'शी' म्हणणारी आणि हसणारी बाई एकच असते.

दादांना जाऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाली. १४ मार्च १९९८ ला ते गेले. पण माणूस काही विसरला गेला नाही. त्यांच्या सिनेमांचे तुकडे आज मोबाईलवर फिरतात, गावच्या जत्रेत आणि वरातीत त्यांची गाणी वाजतात, आणि ज्यांनी त्यांचा एकही सिनेमा थिएटरात पाहिला नाही अशी कॉलेजातली मुलंही त्यांची नक्कल करतात. त्यांच्याबद्दल बोलणाऱ्यांचे सरळ दोन तट आहेत. एक तट त्यांना मातीतला अस्सल कलावंत म्हणून डोक्यावर घेतो. दुसरा तट 'अश्लील' हा एकच शिक्का मारून मोकळा होतो. या भांडणात आजवर बोलले ते बहुतेक पुरुषच. समीक्षक पुरुष, सेन्सॉरशी भांडणारे पुरुष, बाजू घेणारेही पुरुष. हसणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नाही, की बाई गं, तू का हसलीस? आणि पुढे तुझं हसू का आटलं?

मला वाटतं, दादांचा उत्कर्ष आणि त्यांची उतरंड या दोन्हींचं उत्तर याच प्रश्नात आहे.

आधी उत्कर्षाचं बोलू. कृष्णा कोंडके हा मुंबईच्या गिरणगावात, नायगाव-लालबागच्या चाळींत वाढलेला मुलगा. मूळ गाव आपल्या पुणे जिल्ह्यातलं, भोर तालुक्यातलं इंगवली. 'अपना बाजार'मध्ये नोकरी, बँडपथकाचा नाद, आणि सेवा दलाच्या कलापथकात काम. लोकांपुढे उभं राहून आयत्या वेळी बोलायचं कसं, हे ते तिथं शिकले. मग १९६५ साली वसंत सबनीसांनी लिहिलेलं 'विच्छा माझी पुरी करा' रंगमंचावर आलं. त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. राजा, कोतवाल, हवालदार आणि मैनावती एवढाच काय तो पसारा. पण दादांचा हवालदार दर प्रयोगाला त्या दिवसाच्या पेपरातलं काहीतरी उचलायचा आणि मंत्र्यासंत्र्यांना चिमटे काढायचा. आज तरुण मुलं हातात माईक घेऊन एकटी उभी राहतात आणि लोकांना हसवतात, त्याला 'स्टँड-अप' म्हणतात. आपल्याकडे हे काम तमाशातला सोंगाड्या केव्हापासून करत आला आहे. दादांनी त्या सोंगाड्याला आधी नाट्यगृहात नेलं आणि मग पडद्यावर.

भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'त (१९६९) ते सिनेमात पहिल्यांदा दिसले. त्यानंतर १९७१ मध्ये त्यांनी स्वतः 'सोंगाड्या' काढला. दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'साठी या मराठी सिनेमाला जागा मिळेना, तेव्हा दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक रस्त्यावर उतरले आणि 'सोंगाड्या' लागला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुढे दादा शिवसेनेच्या सभा गाजवू लागले ते त्यातूनच. सिनेमे तर असे चालले की लागोपाठ नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला आणि गिनीज बुकात नोंद झाली.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. 'सोंगाड्या'तला नाम्या आठवा. भोळा, अर्धवट म्हणावा असा, ढगळ चड्डी, खाली लोंबणारी नाडी. घरात एक करारी आई. रत्नमालाबाईंची ती 'आये' बघितली की सगळ्या थिएटरला आपली आई आठवायची. नाम्याला तमाशातल्या नाचणारणीची ओढ लागते आणि तो तिच्यापायी सोंगाड्या होतो. उषा चव्हाणांची ती नायिका त्याच्यापेक्षा दहापट हुशार आणि व्यवहारी. म्हणजे पडद्यावर दोन बायका भक्कम उभ्या, आणि मधे हा वेंधळा. हसू व्हायचं ते त्याचं स्वतःचं. नाहीतर मग गावातल्या मिशीवाल्यांचं, इस्त्रीच्या कपड्यांतल्या शहाण्यांचं.

अशा सिनेमाला बायका का येणार नाहीत? घरात ज्यांच्यापुढे मान वर करायची सोय नव्हती, त्यांची पडद्यावर तिकीट काढून फजिती बघायला मिळत होती. १९७५ च्या 'पांडू हवालदार'नं तर हवालदाराला कायमचं टोपणनाव दिलं. पोलिसाच्या काठीला घाबरणारी माणसं पोलिसाला पाहून हसली. हे सोपं काम नव्हे.

आता कुणी म्हणेल, पण चावटपणा तेव्हाही होताच की! होता ना. भरपूर होता. पण मैत्रिणींनो, आपल्यात खरं बोलू या. चावटपणाचं बायकांना वावडं असतं, हे कुणी ठरवलं? मंगळागौरीच्या रात्री दार लावून घेतल्यावर ज्या फुगड्या आणि सोंगं रंगतात, त्यांतली निम्मी बाहेर पुरुषमाणसांपुढे म्हणता तरी येतील का? हळदीच्या वेळी म्हाताऱ्या आत्या आणि मावश्या नवरीच्या कानात जे सांगून हसतात, ते काय भजन असतं? उखाण्यांत, शिमग्यात, लावणी करताना शेताच्या बांधावर, दोन अर्थांचं बोलणं बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलंय. तमाशातली गवळण बघा. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, पण गवळणी आणि मावशी त्यांना असं काही उलट सुनावतात की बोलती बंद. तिथं चावटपणा दोन्ही बाजूंनी असतो. तो खेळ आहे, आणि दोघांच्याही हातात चेंडू आहे.

म्हणून 'दादा अश्लील होते म्हणून बायकांनी पाठ फिरवली' हे मला पटत नाही. बायका अश्लीलतेला नव्हे, एकतर्फीपणाला कंटाळल्या.

याचा पुरावा हवा असेल तर सिनेमांची नुसती नावं ओळीनं वाचा. 'सोंगाड्या', 'एकटा जीव सदाशिव', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम'. ही सगळी त्याची स्वतःची नावं आहेत. मी कोण, तर सोंगाड्या. मी कोण, तर पांडू. हसायचं तर मला हसा. 'तुमचं आमचं जमलं' (१९७६) यात दोघं आहेत. १९८० चा 'ह्योच नवरा पाहिजे' घ्या. हे तर चक्क बाईचं वाक्य आहे. तिला हवा तो नवरा ती बोट दाखवून मागते आहे! मग मात्र नावं बदलत जातात. 'आली अंगावर' (१९८२). 'मुका घ्या मुका' (१९८६). 'पळवा पळवी' (१९९०). 'येऊ का घरात' (१९९२). 'वाजवू का' (१९९६). आता या प्रश्नांपुढे जरा थांबा. 'येऊ का घरात' हा प्रश्न कुणाला विचारलाय? 'वाजवू का' कुणाला? समोर कुणीतरी बाई आहे, तिला विचारलाय. पण तिचं उत्तर शीर्षकात नाही आणि सिनेमातही कुणाला त्याची फारशी गरज वाटलेली नाही. नाम्या स्वतःवर हसवत होता. हा नवा माणूस तिच्यावर हसवत होता.

पडद्यावरचं पडद्यावर राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी त्या सुमारास तालुक्याच्या गावी शिकत होते. आमच्या कॉलेजची वाट एसटी स्टँडवरून जायची. स्टँडच्या भिंतीवर सिनेमाचं पोस्टर आणि त्याखाली कट्ट्यावर बसलेली पोरं. आम्ही दोघी-तिघी दप्तर छातीशी धरून निघालो की मागून सिनेमाचं नाव यायचं. फक्त नाव. एकानं पहिला शब्द म्हणायचा, दुसऱ्यानं पुढचा, आणि सगळ्यांनी हसायचं. आमच्यातल्या एका धीट मुलीनं एकदा वळून जाब विचारला. उत्तर काय मिळालं? 'आम्ही तर सिनेमाचं नाव वाचतोय. तुझ्या मनात काय आलं, सांग की!' त्यावर ती काय बोलणार? कॉलेजात तक्रार केली तर 'तुम्ही दुसऱ्या रस्त्यानं जा' असा सल्ला. आम्ही दुसऱ्या रस्त्यानं गेलो. तो अर्धा मैल लांब होता. पावसाळ्यात चिखलाचा होता. दोन वर्षं आम्ही तो तुडवला.

त्या पोराचं उत्तर नीट ऐका. 'अर्थ तुझ्या मनात आहे' हे दादांचं सेन्सॉरपुढचं नेहमीचं म्हणणं. मी साधंच बोललो, वाईट अर्थ तुम्ही काढला. सेन्सॉरच्या साहेबांपुढे ते शोभून दिसायचं. गिरणीतल्या चाळीतला पोरगा कायद्याच्या पुस्तकाला चकवतोय, यात एक मजा होती. द्वयर्थ ही दुबळ्या माणसाची ढाल आहे. राजापुढे, पोलिसापुढे, सावकारापुढे जे सरळ बोलता येत नाही, ते वाकडं बोलून सुटायचं. आपल्या ओव्या आणि उखाणे यांतही बाईनं सासूला नि नणंदेला अशीच टोचणी लावलेली असते. पण तीच ढाल कट्ट्यावरच्या चार पोरांच्या हातात गेली आणि समोर एकटी मुलगी असली, की ती ढाल राहत नाही. मग ते मारायचं हत्यार होतं, वर पकडलं जायची भीतीही नाही.

यात एकट्या दादांना दोष देणं बरोबर नाही, हेही सांगायला हवं. पोरांना वळण लावायचं काम सिनेमावाल्याचं नसतं, घराचं असतं. आणि दादांना नावं ठेवणाऱ्यांत नुसती नीतीची चाड नव्हती, थोडी वरच्या आळीची मिजासही होती. आम्हा पुणेकरांना हे चांगलं ठाऊक आहे. पेठांमधल्या पुष्कळ घरांत दादांचं नाव काढायची चोरी होती. 'असले सिनेमे आपण बघत नाही' असं म्हणताना, ते बघणारे कोण, याकडे बोट असायचं. हमाल, गिरणीकामगार, मोलकरणी, खेड्यातून आलेली माणसं. बायकोला बावळट ठरवणारे शुद्ध भाषेतले विनोद मात्र त्याच घरांत नाटकाला जाऊन पोटभर हसून ऐकले जात. तिथं कुणाला काही खटकायचं नाही. भाषा शुद्ध असली की अपमानही शुद्ध होतो की काय?

शहरी विनोदातही सगळं कडू नव्हतं. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' घ्या. पुण्यात घर मिळेना म्हणून चार जण बनाव रचतात, दोघं लुगडं नेसतात. तो सिनेमा आजही टीव्हीवर लागला की घरातली आजी, सून आणि नात तिघी एका जागी बसून बघतात. त्याचे संवाद कुणाचे? वसंत सबनीसांचे. ज्यांनी 'विच्छा' आणि 'सोंगाड्या' लिहिला, त्यांचेच. लेखणी तीच, मिश्किलपणाही तोच. फजिती मात्र पुरुषांची, खोटं बोलणाऱ्यांची.

आता उतरणीची नेहमीची कारणं सांगतात ती अशी. रंगीत टीव्ही आला, व्हिडिओ आला. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची जोडी जमली. 'पांडू हवालदार'नं ज्या अशोक सराफांना नाव मिळवून दिलं, तेच पुढच्या पिढीचे नायक झाले. दादा 'तेरे मेरे बीच में' (१९८४), 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) असे हिंदीत गेले, तिथं ना 'आये' होती ना गाव. आणि वयाची साठी आली तरी अंगात तीच चड्डी, तीच नाडी. वीस वर्षांच्या भोळ्या पोराच्या तोंडी जे निरागस वाटतं, ते साठीच्या माणसाच्या तोंडी वाटत नाही. सगळी कारणं खरी आहेत. पण एक कारण मात्र कुणी मोजत नाही. बायका थिएटरातून उठून गेल्या.

त्या कुठं गेल्या, तेही ठाऊक आहे. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. गावोगावच्या बायका ट्रॅक्टरनं, बैलगाडीनं, टेम्पोनं तालुक्याला आल्या आणि अलका कुबलच्या दुःखात पदर भिजवून गेल्या. तो सिनेमा काढणारे विजय कोंडके हे दादांचे पुतणे. एकाच घरातला काका बायकांना गमावत होता आणि पुतण्यानं त्यांना परत थिएटरात आणलं.

मला यात आनंदापेक्षा चुटपुट जास्त वाटते. बघा ना, सत्तरच्या दशकात आपल्या आया हसायला थिएटरात जात होत्या. नव्वदच्या दशकात रडायला जाऊ लागल्या. दोन्हीकडे तिकिटाचे पैसे तेच. एका सिनेमात बाईची चेष्टा, दुसऱ्यात बाईचा छळ. मनमोकळं, पोट दुखेपर्यंत हसायची जी सोय 'सोंगाड्या'नं करून दिली होती, ती मधल्या मधे गेली. नीतीचं काय झालं ते शहाणे बघून घेतील. आपल्या हसण्याचं नुकसान झालं, हा माझा दादांवरचा खरा राग आहे. ज्या माणसाला बाईला हसवणं एवढं छान जमत होतं, त्यानं पुढे बाईला हसण्याची वस्तू का करावी?

हे सगळं जुनं झालं, आता कशाला उगाळता, असं कुणी म्हणेल. पण जुनं कुठं झालंय? २०२५ च्या फेब्रुवारीत यूट्यूबवरच्या एका विनोदी कार्यक्रमात आईवडिलांविषयी एक गलिच्छ प्रश्न विचारला गेला आणि देशभर गदारोळ झाला. महाराष्ट्रापासून आसामपर्यंत गुन्हे नोंदवले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो प्रश्न विचारणारा पुरुष होता. त्या मंचावर एक तरुणीही बसली होती. तीही चावट बोलली होती, नाही असं नाही. पण तिला ज्या धमक्या आल्या, त्या बलात्काराच्या आणि अॅसिड फेकण्याच्या होत्या. तिनं नंतर त्या स्वतःच लोकांपुढे मांडल्या. म्हणजे पुरुष चावट बोलला तर तो वाह्यात, आणि बाई चावट बोलली तर तिचा चेहराच जाळायचा. एसटी स्टँडचा कट्टा तेवढा मोबाईलमध्ये आला.

पुण्यात मंडईजवळ आर्यन आणि मिनर्वा अशी दोन जुनी थिएटरं होती. त्या जागी आज वाहनतळ आहेत. बायकांच्या वेगळ्या रांगा, मध्यंतरातले शेंगदाणे, अंधारात एकदम उसळणारं हसू, यातलं काही उरलं नाही. आता जो तो आपापल्या हातातल्या पडद्यावर एकटा हसतो. म्हणून तर जास्त जपायला हवं. थिएटरात शेजारी आई-बहीण बसलेली असायची, तिच्या गप्प होण्यानं कळायचं की हे जरा जास्तच झालं. मोबाईलवर ते कळायची सोय नाही.

मग काय, दादांचे सिनेमे बंद करायचे का? छे, मुळीच नाही. उलट 'सोंगाड्या' लेकी-सुनांना घेऊन जरूर बघा. त्यातला भोळेपणा आजच्या मुलांना कुठं बघायला मिळतोय? मग पुढचे सिनेमेही कधी लागले तर बघा, आणि बघताना एकच प्रश्न स्वतःला विचारा. यात फजिती कुणाची होतेय? खुर्चीवरच्या माणसाची, की समोरच्या बाईची? कुटुंबाच्या ग्रुपवर भाऊजी किंवा जावईबापू बायकांवरचा विनोद टाकतात आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते, तेव्हाही हाच प्रश्न. हसू आलं तर खुशाल हसा. नाही आलं तर उगाच हसरा चेहरा पाठवू नका. आपण कुणाचं मन राखायला हसतो, आणि मग तोच म्हणतो, 'बायकांनाही आवडतं की!'

आणि आपल्या त्या मंगळागौरीच्या रात्रीच्या हसण्याची लाज मुळीच बाळगू नका. श्रावणात बसाल तेव्हा आजीला जुनी सोंगं विचारा, पोरींना शिकवा. दोन अर्थांचं बोलणं आपल्यालाही येतं. ते उलट कसं फेकायचं, तेवढं पोरींच्या हाती द्या.

आमच्या वेळी कट्ट्यावरची पोरं हसायची आणि आम्ही रस्ता बदलायचो. आता पोरींनी रस्ता बदलू नये, एवढंच वाटतं.